चौदा खोल्यांची फरशी

ठाकुर्ली, २३ फेब्रुवारी

गंगू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम.

भूकंपाला आज पंचवीस दिवस झाले. ऋतुराजशी मी रोज बोलते. तुम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये आहात, तुझ्या खांद्याची पट्टी निघाली, सणगर गल्लीतली पाच माणसं गेली, त्यात तुझी शेजारीण लक्ष्मीकाकू, आणि गल्लीतले घोंगड्यांचे सगळे माग दगडमातीखाली आहेत, हे सगळं मला तुझ्या लेकाकडून कळतं. तुझ्याकडून एक शब्द नाही. मी तुझी थोरली जाऊ आहे, वाटेवरची बाई नाही. पण असू दे. सात वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनाचा विषय मी या पत्रात काढणार नाही, तूही काढू नकोस.

आमचं ग्राहक मंडळ तुला माहीत आहे. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण आणि ठाणं मिळून एकशे साठ घरं. धान्य, मसाले, लोणची आम्ही करणाऱ्यांकडून थेट मागवतो. भूकंपाची बातमी आली तसा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचा ढीग लागला. त्यात एक जरीचा परकर, पोहायच्या दोन चड्ड्या आणि एकाच पायाचा बूट होता. मी ज्याचं त्याच्या दारात परत नेऊन ठेवायला लावलं. म्हटलं, घरं पडली आहेत त्यांची, अब्रू नाही.

मग बैठक घेतली आणि सांगितलं की देणगी माणूस एकदा देतो, गिऱ्हाईक दर महिन्याला येतं. आपण गिऱ्हाईक व्हायचं. सगळ्यांनी मान्य केलं. (मान्य न करून सांगतात कोणाला.)

तर पुढच्या महिन्यापासून तुझ्या बचत गटाची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही घेणार. आणि दिवाळीच्या आत साठ घोंगडी. माग बसवायला जागा नाही हे मला कळतं. त्या जागेच्याच मागे आहे. कोलशेतच्या एका कारखान्याची मदत संस्था आहे, तिथला अनिमेष नावाचा अधिकारी मला तीनदा म्हणाला, "मॅडम, बघतो." चौथ्यांदा मी म्हटलं, "बघू नका, बांधा."

तुझे भावजी बरे आहेत. टीव्हीवर आपलं गाव दाखवतात तेव्हा उठून गॅलरीत जातात.

उत्तर दे. राहिलेला आशीर्वाद हा घे.

मंदाकिनी


ठाकुर्ली, ९ एप्रिल

गंगू,

उत्तर नाहीच. पण भाकरी आली, म्हणजे पत्र पोचलं.

पहिल्या खोक्यातल्या निम्म्या भाकऱ्या मोडलेल्या होत्या. वाटप चालू असताना डोंबिवलीची सोनल पिशवी हलवून म्हणाली, "काकू, ह्या पण भूकंपात सापडलेल्या का?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती रांग सोडून पाणी प्यायला गेली. मग मी ऋतुराजला फोन लावला आणि भाकरी कशी बांधावी, कागद कोणता, मध्ये पुठ्ठा कसा, हे सगळं वीस मिनिटं समजावलं. त्याने तुला विचारलं आणि तुझा निरोप मला जसाच्या तसा सांगितला: "कडक भाकरी मोडूनच खात्यात. अख्खी खाणारा मला अजून भेटायचाय."

मला राग आला. पाच मिनिटं होता. नंतर मी घरी शेंगदाण्याची आमटी केली, पातेलं हॉलमध्ये नेलं आणि सगळ्यांसमोर परातीत भाकरी कुस्करून, वर आमटी ओतून, एकेकीच्या हातात वाटी दिली. सोनलने दोनदा मागितली. आता अख्खी-मोडकी असं कोणी विचारत नाही. पुठ्ठ्याची कल्पना मी रद्द केली आहे.

तू बरोबर होतीस. हे वाक्य मी फारसं लिहीत नाही, जपून ठेव.

दुसरी बातमी मोठी आहे. खोल्या मंजूर झाल्या. जुन्या गावठाणात पुन्हा बांधायला सरकारने बंदी केली आहे, तेव्हा वरच्या माळावर विणकरांच्या चौदा घरांसाठी चौदा खोल्या. त्यांच्या आराखड्यात खाली मुरूम चोपून द्यायचा होता. मी अडून बसले. म्हटलं, माझ्या सासरच्या बायकांनी जन्मभर शेणानं सारवलं, आता पुरे. खाली सिमेंटचा कोबा आणि वर पक्की फरशी हवी. अनिमेषने बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी कबूल केलं. लोक घर मिळालं की लगेच तोडफोड करून पडव्या काढतात, म्हणून ताबापत्रात एक अटही मी घालायला लावली: दहा वर्षं भिंत, छप्पर, फरशी, कशातही फेरबदल करायचा नाही. मसुदा माझ्याच अक्षरातला आहे.

तुझे भावजी आराखडा बराच वेळ पाहत बसले. म्हणाले, "छान आहे. पण..." मी म्हटलं, तुमचा पण मला लग्नापासून माहीत आहे, चहा घ्या.

मंदाकिनी


ठाकुर्ली, ४ ऑगस्ट

गंगू,

हे पत्र नीट बसून वाच.

जुलैत खोल्यांचा ताबा मिळाला. चाव्या हातात घेतलेल्या तुम्हा सगळ्यांचा फोटो ऋतुराजने पाठवला. तुझ्या पायाखाली फरशी अशी चकाकते आहे की तुझं लुगडं तिच्यात दिसतं. माझ्या मंडळातल्या बायकांनी तो फोटो पाहून टाळ्या वाजवल्या.

मागांसाठी नवं लाकूड आम्ही पाठवलं. लोकर पाठवली. चिंचोके पाठवले, कारण त्यांची खळ लावल्याशिवाय सूत टिकत नाही एवढं मलाही माहीत आहे. आणि घोंगडी? एकही नाही. तीनदा निरोप धाडला. तिन्ही वेळा ऋतुराज तेच सांगतो: "आई म्हणती भाकरी लागंल तेवढी देऊ, घोंगडं न्हाई."

का नाही?

माझा धाकटा दीर आनंदा वारल्यावर गल्लीत बाईमाणूस मागावर बसलं म्हणून किती बोलणी खाल्लीस तू. तरी बावीस वर्षं विणलंस. गल्ली तुझ्याकडे बघते. तू सुरू करत नाहीस म्हणून बाकीचे तेरा जण लाकडाला हात लावत नाहीत. दोघं पुण्याला वॉचमनच्या नोकरीवर गेले, तिसरा निघाला आहे. दिवाळीपर्यंत माग उभे राहिले नाहीत तर सणगर गल्लीत नुसतं नाव उरेल, आणि विणणारा एकही नसेल. हे तुला कळत नाही असं मी मानत नाही. म्हणजे तू मुद्दाम करते आहेस. माझ्यावरचा राग चौदा घरांवर काढते आहेस.

तेव्हा तो विषय आता मीच काढते. प्रदर्शनात काय झालं होतं एवढं? दिवाळीची गर्दी होती, टेबलावर तुझी घोंगडी होती. एका बाईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, लोकरीचा वास येतो. मी घोंगडी टेबलावरून खाली ठेवली. बस्स. दुकान मांडलं की गिऱ्हाइकाचं बघावं लागतं. तू संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस आणि सात वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. मी किती फोन केले ते मी मोजले नाहीत, पण भावजींनी मोजले आहेत.

सतरा तारखेला मी येते आहे. यांचा गुडघा दुखतो, एकटीच येईन. मला जेवायला काही करू नकोस. समोर बसून कारण सांग.

मंदाकिनी


ठाकुर्ली, २१ ऑगस्ट

गंगू,

तुझ्या प्रश्नाला उत्तर न देता मी सतरा तारखेला दुपारच्याच एसटीने निघून आले. ऋतुराज थांब्यापर्यंत पिशवी घेऊन आला, ती त्याच्या हातातून घेतली आणि चढले. एसटीत तीन तास मी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. म्हणून हे लिहिते आहे. तू होतीसच तिथे, तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते माझ्या हाताने एकदा लिहायचं आहे.

तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "या अक्का. पाय धुवा." मी फरशी पाहिली. तू दिवसातून दोनदा पुसतेस असं ऋतुराज म्हणाला, ते दिसत होतं. कोपऱ्यात मागाची लाकडं सुतळीने बांधलेली. तू चहा दिलास. मी कप खाली ठेवला आणि जे सांगायला आले होते ते सगळं सांगितलं, दिवाळी, साठ घोंगडी, चौदा घरं, तुझा हट्ट. माझं संपल्यावर तू खोलीच्या मधोमध गेलीस, फरशीवर बसलीस, दोन्ही पाय पुढे लांब पसरलेस, आणि वर बघून विचारलंस, "पाय कुठं सोडू, अक्का?"

मी लगेच नाही समजले. हे कबूल करते.

आपला माग खड्ड्यातला. काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, पायाने खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी मी बीए होते आणि सासूबाईंनी मला पहिलं काम दिलं ते मागाच्या खड्ड्यातली लोकर झाडायचं. वर्षभर झाडली मी. खड्ड्यात उतरून झाडली. आणि मीच भांडून, अडून, एकेका माणसाला गप्प करून चौदा विणकरांच्या पायाखाली सिमेंट ओतून घेतलं, वर फरशी बसवली, आणि ती फोडायची नाही असं माझ्याच अक्षरात लिहून तुमचे अंगठे घेतले.

मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तू म्हणालीस, "वाढलेल्या ताटाला नावं ठिवू न्हाई. आन तुमी इचारलं कुठं?"

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "तेच म्हणत होतो मी एप्रिलात." मी म्हटलं, मग ओरडून का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुझ्यावर?" आणि हसले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या हसण्याचा राग आला नाही.

आता दुसरं. चार तारखेच्या पत्रात मी प्रदर्शनाबद्दल लिहिलं ते पूर्ण नव्हतं. घोंगडी मी खाली ठेवली नव्हती. गुंडाळून टेबलाखाली पायाने सरकवली होती. आणि त्या बाईला म्हणाले होते, "या लोकांना कितीदा सांगितलं तरी कळत नाही." तू माझ्या मागेच उभी होतीस, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. या लोकांना. माझं आडनाव आणि तुझं आडनाव एक, आपल्या दोघींच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं ते एका घरच्या भावांनी, आणि मी तुला 'हे लोक' म्हणाले, का, तर समोरच्या बाईने मला तुझ्यातली समजू नये म्हणून.

त्या बाईचं नावसुद्धा मला आठवत नाही.

माझं चुकलं. तेव्हाही आणि एप्रिलमध्येही. क्षमा मागायची पद्धत मला फारशी येत नाही. मला काम करायची पद्धत येते. तेव्हा मी कामाला लागते.

मंदाकिनी


ठाकुर्ली, १४ सप्टेंबर

गंगू,

काम झालं. कसं झालं ते सांगते.

आधी मी एकटीच कोलशेतला अनिमेषकडे गेले. त्याला खड्डा माग म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. तो चांगला मुलगा आहे, पण घाबरट आहे. म्हणाला, "मॅडम, फरशी फोडली तर मी वर फोटो काय दाखवू?" मी म्हटलं, "खड्ड्याचे दाखवा." मग म्हणाला, अट आहे, मसुदा तुमचाच आहे. म्हटलं, ठाऊक आहे, म्हणून तर मी आले. तो म्हणाला, निदान तुमच्या मंडळाचा ठराव आणा, कारण खोल्यांसाठी शब्द त्यांनीही टाकला होता.

रविवारी बैठक लावली. हॉल भरला होता. मी उभी राहिले आणि सांगितलं, "फरशी ही माझी चूक आहे. विणकरांना न विचारता मी ती घालून घेतली, आणि फोडायची नाही ही अटही माझी." एवढं बोलून थांबले. अठरा वर्षं मी या मंडळाच्या बैठका घेते आहे. अशी कबुली कधी दिली नव्हती. मागे कोणाच्या तरी पर्सची चेन लावल्याचा आवाज आला.

मग प्रश्न सुरू झाले. एवढी चांगली फरशी फोडायची? टेबलावर ठेवायचे माग मिळतात ना, ते देऊ. खड्ड्यात उंदीर होतील. बायकांना उतारवयात खड्ड्यात कशाला बसवता, खुर्ची द्या. सगळे प्रश्न ओळखीचे होते. एप्रिलमध्ये मीच ते विचारले असते.

मी उत्तर देणार तेवढ्यात बाळकुमची कल्पिता उठली. तिला तू पाहिलेलं नाहीस. जुनं आगरी घर, त्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, पण बोलते अजून आज्याच्या मिठागरात उभी असल्यासारखी. कमरेवर हात ठेवून म्हणाली:

"ए बायांनो, आयका. आमच्या आज्यानं मिठागराची जमीन पायानी तुडवून तुडवून बनवलेली. चिखलाची. म्हैनाभर तुडवायची, तवा कुठं मीठ धरायची. तिथं कोनी लादी बसवाला आला असता ना, चांगली दिसते म्हनून, तर आज्यानी त्यालाच मिठात घालून सुकवला असता. ज्याचं काम त्याची जमीन. मंदाताईनी चूक कबूल केली, ही बाय आजपरत कधी सॉरी बोललेली आयकलीय कोनी? मग हात वर करा आनि घरी चला, माझी मच्छी बाहेर हाय."

हात वर झाले. सोनलने दोन्ही केले, मी एकच मोजला.

ठरावाची प्रत, संस्थेचं परवानगीचं पत्र आणि सुधारलेलं ताबापत्र सोबत आहे. आता त्यात असं आहे: मागासाठी लागेल ते, लागेल तिथे, विणकराच्या मर्जीने. मर्जी हा शब्द मी घातला. ज्या घराला फरशी अखंड ठेवायची असेल त्यांनी ठेवावी. त्यांच्या मागाला माळावरच वेगळी शेड मिळेल, तेही लिहून घेतलं आहे. मला वाटलं होतं तसं तुम्हाला वाटलंच पाहिजे असं नाही, हे मी आता शिकते आहे. वय एकोणसत्तर. उशीर झाला, पण परीक्षा अजून चालू आहे.

साठ घोंगडी दिवाळीत मिळणार नाहीत, हेही बैठकीत सांगितलं. जेव्हा होतील तेव्हा होतील, आणि जशी होतात तशीच होतील. टोचतात, वास येतो, पहिलं वर्षभर ताठ असतात. ज्यांना चालेल त्यांनी नाव लिहावं. एक्काहत्तर नावं आली.

खड्डे खणायला माणसं इथून पाठवू का, की तिथलीच लावायची? हा प्रश्न आहे. मी विचारते आहे.

मंदाकिनी


माळावरची वस्ती, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

अक्का,

तुमची समदी पत्रं मी ठेवली हायत. सातवीपर्यंतच शिकले, त्यामुळं लिवायला येळ लागतो. ऋतुराज म्हणला मी लिवतो, मी म्हणलं न्हाई.

माणसं धाडू नका. खणायला आमी हाव. दहा घरांनी खड्डा घ्यायचं ठरवलंय, चार घरं म्हणत्यात फरशी ऱ्हाऊ दे, आमी शेडमधी बसू. पुण्याला जाणारा तिसरा थांबलाय.

पण एक अडचण हाय. कागद आला तवापासनं समदे नुसते कागदच बघत्यात. कुदळ कुणी उचलंना. मीबी न्हाई. मी पयला घाव घातला तर गल्ली म्हणंल, दिलेलं दान गंगीनं फोडलं. दिलेली वस्तू घेणाऱ्यानं फोडू न्हाई, ती देणाऱ्यानंच फोडायची. तवा तुमी या. दसऱ्याला या. आमच्या घरचा पयला घाव थोरल्या जावंनं घालायचा, मग बाकीचे आपसूक सुरू करत्याल. भावजींस्नीबी आणा, गुडघ्याला तेल लावते.

येताना जुनं लुगडं घाला, सिमेंट उडतंय.

आन एक ऐका. सासऱ्यांचा खड्डा त्यांच्या उंचीचा व्हता. मला खोल पडायचा. बावीस वरसं मी पायाखाली दोन इटा ठिवून इणलंय, कुणाला सांगितलं न्हाई. आता खणताना मी काठावर बसते, तुमी खाली उतरून माझ्या टाचंपाशी खूण करा. ह्यो खड्डा माझ्या मापाचा घ्यायचा.

गंगू